एक वर्ष पुढे असलेला सोबती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त देवणी येथे झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



‘ग्रामीण विद्यार्थी आणि परदेशातील उच्च शिक्षण’ हा विषय संयोजकांनी माझ्याकडे सोपविला, तेव्हा मी त्यांना म्हणालो की या विषयावर एखाद्या प्राध्यापकाला पाचारण करावे. मी बी.कॉम. झालेला कापडाचा व्यापारी. माझे आयुष्य ताके मोजण्यात आणि उधारीच्या वह्या सांभाळण्यात गेले. त्यावर संयोजकांनी उत्तर दिले की, गेली काही वर्षे या मुलांच्या कागदपत्रांत आपण लक्ष घालीत आहात, तेव्हा जे पाहिले तेच सांगा. म्हणून उभा आहे. विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये.

देवणी हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते येथील गोवंशामुळे. आपल्या जिल्ह्याचे नाव गाजले ते मात्र ‘लातूर पॅटर्न’मुळे. आता आपल्या गावातील दहावीच्या कोणत्याही मुलाला विचारा. डॉक्टर व्हायचे तर काय करावे लागते, हे तो एका दमात सांगेल. लातूरला कोणत्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, शिकवणी कोठे लावावी, खोली कोणत्या भागात स्वस्त मिळते, ‘नीट’ला किती गुण पडले म्हणजे सरकारी महाविद्यालय मिळते, पहिल्या फेरीत कोणते पर्याय भरावेत, हे सारे त्याला तोंडपाठ असते. त्याला हे कोणी शिकविले? शाळेने नव्हे, पुस्तकाने तर नव्हेच. शेजारच्या गल्लीतील एक दादा दोन वर्षांपूर्वी त्या वाटेने गेलेला असतो, आणि दिवाळीला तो घरी आला की ओट्यावर बसून सारे सांगतो.

त्याच मुलाला विचारा की, जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नसते, हे तुला माहीत आहे काय? ब्रिटिश शासनाची ‘चेवनिंग’ नावाची शिष्यवृत्ती शुल्क, निवास आणि विमानभाडे यांचा भार उचलते, हे कधी ऐकलेस काय? तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. त्याची बुद्धी तीच आहे, गुणही तेच आहेत. फरक इतकाच की त्याच्या गल्लीतून त्या वाटेने आजवर कोणी गेलेले नाही. माझे आजचे सांगणे एवढ्याच एका गोष्टीभोवती आहे. आपण अडथळा म्हटले की पैशाचा विचार करतो. पैसा लागतो हे खरे, परंतु त्याच्याही आधी लागतो तो एक वर्ष पुढे असलेला सोबती.

आपल्या व्यापाराचेच पाहा. मी प्रथम सुरतेस माल घ्यावयास निघालो, तेव्हा वडिलांनी मला एकटे पाठविले नाही. उदगीरच्या एका तरुण व्यापाऱ्यासोबत पाठविले. तो माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा होता. दलाल कोणता धरावा, पन्हा कसा तपासावा, ताक्यात कापड कमी भरले तर कोणाकडे बोलावे, बिल्टी हातात पडल्याशिवाय बाजार का सोडू नये, हे त्याने मला दोन दिवसांत दाखविले. वडिलांनाही हे सारे ठाऊक होते, परंतु त्यांचा बाजार वीस वर्षांपूर्वीचा होता. मोठ्यांचा अनुभव शिळा होतो आणि पुस्तकातला तर शिळाच असतो. ताजा अनुभव नुकत्याच जाऊन आलेल्याकडे असतो. आणि दुसरे असे की, वडिलांना विचारायला जे प्रश्न लाज आणतात, ते बरोबरीच्याला निःसंकोच विचारता येतात.

महाराष्ट्राच्या इतिहासात या सोबतीचे मोल दाखविणारी उदाहरणे आहेत. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन एम.डी. झाल्या, हे आपण शाळेत शिकलो. परंतु त्या गेल्या कशा? गोपाळरावांनी मदतीसाठी लिहिलेले पत्र एका मिशनरी नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दंतवैद्याच्या दवाखान्यात बसल्या असता वाचले आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. त्या बाईंनी लिहिलेल्या पत्रांनी समुद्रापलीकडे एक दार उघडे असल्याचा विश्वास दिला. आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या तेव्हा प्रथम त्यांच्याच घरी राहिल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण याहून जवळचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तेथे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांना नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याची सोबत लाभली आणि ती मैत्री जन्मभर टिकली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. (आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना त्याचा थोडा अभिमान वाटतो, कारण ते वाणिज्य महाविद्यालय.) १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा पगारातील शिल्लक होती, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. दोन महाराजांची नावे इतिहासाने ठळक लिहिली, आणि ते योग्यच आहे. त्या सहाध्यायाचे नाव मात्र आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आता आजच्या काळात येऊ. बुलडाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात पिंपरी खंदारे नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी कुटुंबातील राजू केंद्रे हा तरुण घरातून उच्च शिक्षण घेणारा पहिला. त्याने मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, मेळघाटात काम केले, टाटा समाजविज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेतले. वाटेत ठेच कोठे कोठे लागते हे त्याला पुरते कळले होते. २०१७ साली त्याने यवतमाळमध्ये ‘एकलव्य’ हा उपक्रम सुरू केला. आरंभी सुटीच्या दिवशी भरणारी कार्यशाळा, एवढेच त्याचे स्वरूप होते. शेतकरी, शेतमजूर, भटके-विमुक्त, आदिवासी, दलित कुटुंबांतील मुले जमवायची, देशातील नामांकित संस्थांच्या प्रवेशपरीक्षांची माहिती द्यायची, अर्ज भरून घ्यायचे आणि मुलाखतीची तयारी करून घ्यायची. शिकविणारे कोण? त्या संस्थांत नुकतेच शिकत असलेले किंवा शिकून बाहेर पडलेले तरुण. पुढे २०२१ साली राजू केंद्रे स्वतः चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडन विद्यापीठाच्या ‘सोआस’ या संस्थेत गेले, आणि मग एकलव्यच्या कामात परदेशी विद्यापीठांचीही वाट आली. आज त्या संस्थेच्या साहाय्याने शेकडो मुले नामांकित संस्थांत पोहोचली आहेत, त्यांपैकी काही समुद्रापार गेली आहेत.

मला या कामातील एक गोष्ट विशेष वाटली. येथे गेलेला विद्यार्थी मागे वळून पाहतो. ज्याचा अर्ज मागच्या वर्षी कोणीतरी तपासला, तो या वर्षी दुसऱ्याचा तपासतो. त्यासाठी त्याला गावी यावे लागत नाही, कारण दूरध्वनी आणि संगणक आहेत. महाभारतातील एकलव्याला गुरूची मूर्ती समोर ठेवून एकट्याने शिकावे लागले आणि वर अंगठाही द्यावा लागला. या नव्या एकलव्यांकडून मागितले जाते ते एवढेच की आठवड्यातील एखादा तास मागच्याला द्या.

ही कल्पना केवळ आपल्याकडे सुचली असे मात्र नाही. आफ्रिका खंडात तिची जुनी परंपरा आहे. केनियाचे पुढारी टॉम एम्बोया यांनी देश स्वतंत्र होण्यापूर्वीच, १९५९ साली, विमानाने ८१ विद्यार्थी अमेरिकेतील महाविद्यालयांत पाठविले. पुढील वर्षी याच उपक्रमातून गेलेल्या सुमारे तीनशे मुलांत वांगारी मथाई नावाची एक खेड्यातील मुलगी होती. तिने कॅन्सस राज्यात जीवशास्त्राची पदवी घेतली, मायदेशी परतून झाडे लावण्याची चळवळ उभारली आणि २००४ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका विमानात कोण बसले आहे, हे विमान सुटताना कोणालाच ठाऊक नसते.

झिम्बाब्वे देशातील उदाहरण आपल्याला अधिक उपयोगी आहे. तेथे हरारे शहरात अमेरिकी शिक्षणाविषयी सल्ला देणाऱ्या रिबेका झायगलर मानो या बाईंच्या लक्षात आले की चौकशीला येतात ती बहुधा सुस्थितीतील मुले. ज्यांच्या गुणपत्रिका सर्वांत उजळ आहेत, ती गरीब मुले कार्यालयाची पायरीसुद्धा चढत नाहीत. म्हणून १९९९ साली त्यांनी एक कार्यक्रम सुरू केला. अशी मुले निवडायची, त्यांचा गट करायचा आणि गटानेच अर्जाची सारी तयारी करायची. मुलांनी एकमेकांना शिकवायचे, एकमेकांचे निबंध वाचायचे, आणि जी मुले आधी गेली त्यांनी मागच्यांची सोबत करायची. पुढे आफ्रिकेतील व अन्य काही देशांतही हा कार्यक्रम पोहोचला.

याच देशातील मुटारे गावचा मार्टिन गांडा हा मुलगा तर एका पत्रामुळे पोहोचला. १९९७ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियामधील केटलिन नावाच्या शाळकरी मुलीने वर्गातील उपक्रम म्हणून त्याला पत्र लिहिले. तिला त्याच्या दारिद्र्याची कल्पनाही नव्हती. पत्रे वाढत गेली, तिचे कुटुंब त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि तिच्या आईने विद्यापीठांकडे पाठपुरावा केल्यानंतर २००३ साली त्याला व्हिलानोव्हा विद्यापीठात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. कार्पेंटरबाईंच्या पत्रानंतर शंभराहून अधिक वर्षांनीही टपालाचे मोल तेवढेच होते.

आता आपल्या मुलांची गाडी नेमकी कोठे अडते, ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण पालकांना त्याची कल्पना असणे आवश्यक आहे.

पहिली अडचण ऐकून हसाल. ती नावाची आहे. आपल्या मंडळाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी. कोठे वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आहे, कोठे ‘अप्पा’, तर कोठे काहीच नाही. आपल्याकडे त्याचे कोणाला काही वाटत नाही. परदेशी विद्यापीठाच्या लेखी मात्र ही तीन वेगळी माणसे होतात. ही दुरुस्ती ऐन वेळी करू गेल्यास महिने जातात. पासपोर्ट काढण्याआधी सर्व कागदांवरील नाव एकसारखे करून घ्यावे, हे वाक्य कोणत्याही माहितीपुस्तकात इतक्या स्पष्टपणे सापडत नाही. ज्याचे अडले तोच सांगतो.

दुसरी अडचण त्या निवेदनाची, ज्याला मुले ‘एसओपी’ म्हणतात. मला हा विषय का हवा, मी आजवर काय केले आणि पुढे काय करणार, हे त्यात दीड-दोन पानांत लिहायचे असते. आपली मुले येथे हमखास चुकतात. ती लिहितात, “माझा जन्म एका गरीब कुटुंबात झाला, लहानपणापासून मला शिक्षणाची आवड होती.” असे हजारो अर्ज येतात. एका मुलाने तीन उन्हाळे गावच्या पाणीटंचाईत टँकरच्या फेऱ्यांची नोंद ठेवली होती, ग्रामपंचायतीला तिचा उपयोग झाला होता, आणि अर्जात त्याचा उल्लेखही नव्हता. विचारले तर म्हणाला, “काका, त्यात सांगण्यासारखे काय?” यात केवळ अज्ञान नाही. आत्मप्रशंसा हा दोष मानणाऱ्या संस्कारांत आपण वाढलो, आणि ते संस्कार चांगलेच आहेत. परंतु जे केले ते आकड्यांसह सांगणे म्हणजे प्रशंसा नव्हे, तो जमाखर्च आहे. वही दाखविताना आपण जमेची बाजू झाकून ठेवतो काय? हे मी सांगितले तर त्या मुलाला उपदेश वाटतो. त्याच्यासारख्याच घरातून गेलेल्या मुलीने स्वतःचे निवेदन त्याच्यापुढे ठेवले की त्याला लगेच उमगते.

शिफारसपत्रांचेही तसेच. आपल्याकडील शिक्षक मोठ्या प्रेमाने लिहून देतात की विद्यार्थी सुशील असून त्याची वर्तणूक चांगली आहे. त्यांना तेच ठाऊक. या विद्यार्थ्याने माझ्या वर्गात अमुक प्रयोग केला, अमुक प्रश्न विचारला, असे लिहायचे असते. शिक्षकांना हे आदराने सुचवावे कसे, हेही कोणीतरी शिकवावे लागते.

मग पैशाचा दाखला. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी शुल्काची व निर्वाहाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस राहावी लागते. आपल्याकडे मामा-काका मिळून रक्कम भरतात आणि विसाव्या दिवशी एखाद्याला सोयाबीनच्या बियाण्यासाठी गरज लागली की काढून घेतात. एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. जर्मनीत शिक्षणशुल्क नसले तरी एका वर्षाच्या खर्चाची रक्कम आधी गोठविलेल्या खात्यात ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक. शिवाय २०२२च्या अखेरीपासून भारतीय विद्यार्थ्यांना तेथील ‘एपीएस’ प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. ‘जर्मनीत फुकट शिक्षण’ एवढेच ऐकून निघालेल्या मुलाला या गोष्टी फार उशिरा कळतात.

सर्वांत मोठी अडचण मात्र क्रमाची आहे, आणि तिच्यापायी आपल्या गावातील एका मुलीचे काय झाले ते मी पाहिले आहे. आमच्या दुकानातून ब्लाऊजचे कापड नेऊन घरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची ती मुलगी. कृषी विषयात पदवी, उत्तम गुण, इंग्रजीही स्वतःच्या हिमतीवर सुधारलेले. आयईएलटीएस परीक्षेला हल्ली सतरा-अठरा हजार रुपये लागतात. आईने भिशीचे पैसे तिच्या हाती ठेवले. परदेशातील एका चांगल्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले. आई पेढे घेऊन दुकानात आली. त्यानंतर मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास बसली, तेव्हा तिला कळले की त्या वर्षाची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली. आपल्याकडे आधी प्रवेश आणि मग शिष्यवृत्ती हा क्रम. तिकडील अनेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज प्रवेशाच्या आधी किंवा बरोबरीने, जवळजवळ वर्षभर अगोदर करावे लागतात. चेवनिंगचा अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि विद्यार्थी निघतो पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. त्यासाठीही आधी सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव असावा लागतो. यात कोणा कार्यालयाचा दोष नव्हता आणि त्या मुलीचाही नव्हता. तिला हे एक वाक्य सांगणारे माणूस सबंध तालुक्यात नव्हते. तिने प्रवेश सोडून दिला. आई त्यानंतर कित्येक दिवस माल न्यायला आली नाही, धाकट्या मुलाला पाठवीत असे.

पुढचे ऐका. तीच मुलगी दुसऱ्या वर्षी एका हमालाच्या मुलाच्या घरी गेली आणि त्याला म्हणाली, “तू आत्ताच कॅलेंडर काढ.” तिने त्याच्यासाठी सगळ्या तारखा भिंतीवर लिहून दिल्या. त्याची निवेदने चार वेळा फाडून पुन्हा लिहायला लावली. रविवारी आमच्या दुकानाच्या मागील खोलीत ती मुलाखत घेणारी अधिकारी व्हायची आणि तो उमेदवार. त्याला इंग्रजीत घाम फुटला की ती त्याला कानडीत बोलू द्यायची आणि मग तेच इंग्रजीत म्हणवून घ्यायची. तो मुलगा आज युरोपात पूर्ण शिष्यवृत्तीवर शिकत आहे. आपल्या तालुक्याची पहिली मार्गदर्शक कोण, असे मला कोणी विचारले तर मी त्या मुलीचे नाव घेईन, जी स्वतः अजून गेलेली नाही. तिने यंदा पुन्हा अर्ज केला आहे. निकाल यावयाचा आहे.

येथे काही पालक म्हणतील की, यासाठी पुण्यात, हैदराबादेत एजंट आहेत, पैसे भरले की सारे होते. मी दलालाला वाईट म्हणणार नाही, माझा धंदा दलालांशिवाय चालत नाही. परंतु दलाली कोण देतो, हे पाहून मगच दलालाचे ऐकावे, हे आपण जाणतो. असे अनेक एजंट मुलाकडून थोडे घेतात आणि त्यांना खरे कमिशन मिळते ते विद्यापीठाकडून. साहजिकच जे विद्यापीठ कमिशन देते तेच त्यांना उत्तम दिसते. ज्या सरकारी विद्यापीठात शुल्कच नाही, त्याची शिफारस त्यांनी कशासाठी करावी? पूर्ण शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देण्यात त्यांना लाभ कोणता? सुस्थितीतील घरातील मुलगा यात फसला तर वडील कर्ज फेडतात. ज्याच्या घरी तारण ठेवण्यास गुंठाभर जमीन नाही, त्याला मोठे शैक्षणिक कर्ज मिळणे कठीण जाते. पुढे गेलेल्या सोबत्याला कमिशन नसते, म्हणून तो “हा अभ्यासक्रम घेऊ नकोस, येथे नोकरी नाही” असे तोंडावर सांगू शकतो. प्रत्येकाने परदेशी जावेच असे माझे म्हणणे नाही. कित्येकांना न जाण्याचा सल्लाही याच सोबत्याकडून मिळावा.

शासनाच्या योजनाही आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती राज्यात २००३ पासून आहे, केंद्राची राष्ट्रीय योजना तर त्याहून कितीतरी जुनी. इतर मागासवर्ग, आदिवासी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीही योजना आहेत. आपल्या समाजाला २०१४ साली राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना त्यामुळे आपल्याला लागू झाली होती, परंतु ती २०२२-२३ पासून बंद झाली. तरीही मागील वर्षी एक गृहस्थ जुने परिपत्रक घेऊन बँकेत गेले होते. नंतर राज्याने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी वेगळी परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली, तिच्या जागा सत्तावीस, आणि त्या सर्व अल्पसंख्याक समाज मिळून. उत्पन्नाच्या मर्यादा, गुणांच्या अटी, विद्यापीठाच्या क्रमवारीची अट, हे सारे शासन निर्णयागणिक बदलते. म्हणून पुन्हा तेच म्हणतो की गेल्या वर्षी ज्याने तो अर्ज भरला त्यालाच आधी विचारावे.

काही माता मला विचारतात की तिकडे खाण्यापिण्याचे कसे? कांदा-लसूण, कंदमुळे टाळणाऱ्या मुलीचे कसे होणार? याचेही उत्तर माझ्याकडे नाही, ते तेथे राहणाऱ्या मुलींकडे आहे. एकीने सांगितले की प्रेशर कुकर येथूनच न्यावा आणि स्वयंपाकघर सामायिक असलेले वसतिगृह निवडावे, मेसवाले निवडू नये. इतके नेमके उत्तर मी कोणत्याही प्रवचनात ऐकले नव्हते.

आता थोडे अप्रिय बोलतो. मी विश्वस्तांपुढे सूचना मांडली आहे की सुवर्णमहोत्सवी निधीतील एक भाग या कामासाठी ठेवावा आणि तो देवणी तालुक्यातील कोणत्याही जाती-धर्माच्या गरजू मुलासाठी असावा. यावर मतभेद झाले, ते मी लपवीत नाही. समाजाचा पैसा समाजासाठी, असे काही ज्येष्ठांचे मत आहे. त्यांनी पन्नास वर्षे पै-पै जमवून हा ट्रस्ट उभा केला, त्यांच्या मताचा मी अनादर करणार नाही. परंतु कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. कुंभोजला जैन कुटुंबात जन्मलेला, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेला हा माणूस. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याला वसतिगृह उघडले, तेव्हा तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीत बसविली. त्या वसतिगृहांत मोठी मुले लहानांचा अभ्यास घेत, स्वतः राबून शिकत. त्यामुळे समाजाचे काही उणे झाले काय? शिवाय व्यवहाराचीही बाजू आहे. आपल्या समाजाची या तालुक्यात घरे किती? त्यांतून दरवर्षी परदेशी जाणारे मूल एखादे. एकाच्या मागे सोबत्यांची साखळी तयार होत नाही. हमालाच्या मुलाने जर्मनीची वाट पाडली तर तिच्यावरून आपलीही मुलगी जाणार आहे. वाट कोणी पाडली हे पुढे चालणाऱ्याला कोण विचारतो?

खर्चही फार नाही. वाचनालयाची वरची खोली रविवारी रिकामी असते. दोन संगणक आणि इंटरनेट एवढे हवे. परीक्षेचे शुल्क, पासपोर्ट, गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती, यांसाठी बिनव्याजी रक्कम द्यावी आणि नोकरी लागल्यावर ती परत घ्यावी. आपण दरवर्षी गुणगौरव समारंभात शाली, श्रीफळे आणि स्मृतिचिन्हे यांवर जे खर्च करतो, तेवढ्यात हे होईल असा माझा हिशोब आहे, आणि तो हिशोब मी लेखी दिला आहे. अट एकच असावी. ज्याला साहाय्य मिळाले, त्याने आपल्यामागच्या दोघांची जबाबदारी घ्यावी. रक्कम परत आली नाही तर ट्रस्टने एखादे वर्ष थांबावे. ही जबाबदारी पाळली गेली नाही तर मात्र नाव नोंदवहीत लाल शाईने लिहावे.

जे गेले त्यांनी परत यावे की नाही, यावरही चर्चा होते. चेवनिंगसारख्या शिष्यवृत्तीत दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते, इतरत्र नसते. मुलांना गावात बांधून ठेवणे आपल्या हाती नाही. आठवड्याचा एक तास मागणे मात्र आपल्या हाती आहे.

कार्यक्रमानंतर सभागृहाच्या दाराशी दोन वह्या ठेवल्या आहेत. हिरव्या वहीत मार्गदर्शन हवे असणाऱ्या विद्यार्थ्यांनी नाव, शिक्षण आणि वडिलांचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. निळी वही पुणे, मुंबई, बंगळूर किंवा परदेशी असलेल्या आपल्या मुला-मुलींची नावे देण्यासाठी आहे. पालकांनी त्यांना न विचारता नाव लिहू नये, एवढी विनंती. पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयात होईल. ज्या मुलीविषयी मी बोललो, ती तेथे असेल. येताना दहावीचे प्रमाणपत्र आणि आधार कार्ड सोबत आणावे, नावे प्रथम तपासली जातील.